अडलंय

पुण्याहून निषाद आला तेव्हा
शिरोलीत सकाळचे आठ वाजले होते,
भट्टीची पहिली हीट तापायची होती अजून.
तो म्हणाला, उद्यापासून रोज पंधरा मिनिटं
सगळ्यांनी उभ्यानं बोलायचं.
पारिसा मगदूम म्हणाले,
बावीस वर्सं उभंच हाय की आम्ही.
बोलायचं तेवढं ऱ्हायलंय.

हसलो सगळे. निषादही हसला,
आणि वहीत काहीतरी लिहिलं त्यानं.

फळा आला. तीन रकाने:
करायचंय, चाललंय, झालं.
पिवळ्या चिठ्ठ्या आल्या, गुलाबी आल्या,
वाळूच्या धुळीत त्यांचा डिंक दोन दिवसांत मेला.
रोज सकाळी मी जमिनीवरून कामं गोळा करायची
आणि आठवेल तशी परत लावायची.
त्या आठवड्यात दोन कामं
कुणी हात न लावताच झाली.

मग दस्तगीर मुल्लाणीनं भंगारातून
फुटक्या स्पीकरांचे लोहचुंबक काढून आणले,
एका जुन्या दाराचा पत्रा भिंतीला टेकवला.
आता चिठ्ठी हलली की
टक्क आवाज यायचा.

दस्तगीर मोल्डिंगवर.
विचारलं तर म्हणणार, चाललंय.
न विचारलं तर तेही नाही.
तिसऱ्या सोमवारी त्याची पाळी आली, आणि त्यानं खडू घेतला.
पत्र्याच्या कडेला, जिथं जागाच नव्हती,
उभ्या अक्षरांत लिहिलं:
अ
ड
लं
य
मग आमच्याकडं पाठ ठेवूनच म्हणाला,
कोर ओला यायलाय. तीन आठवडं झालं.
ब्लोहोल त्यानं पडायलेत.
माझ्या हातानं न्हाई.

मी क्वालिटीला आहे.
त्या तीन आठवड्यांचे रिजेक्शनचे तक्ते मीच भरलेले,
कारणाच्या रकान्यात 'मोल्डर' लिहून.
कुणी माझ्याकडं पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

कोर आपल्यात होत नाही, मॅनेजर म्हणाले, ती बाहेरची फर्म.
मग बाहेरच्यांना आत बोलवा, निषाद म्हणाला.
दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातून शालन कुंभार आल्या,
तावडे हॉटेलच्या चौकातली गर्दी चुकवत, स्कूटीवर,
ओढणीला कोर-ऑइलचा वास.
पत्र्यासमोर उभ्या राहिल्या, आमच्यातल्याच असल्यासारख्या.
ओव्हनची एक कॉइल जळाल्या, म्हणाल्या,
नवी घ्यायला पैसं पायजेत.
माझं बिल कुठं हाय, ते तुम्हीच सांगा.

चिठ्ठी पत्र्यावरून निघाली, जिना चढून
अकाउंट्समध्ये गेली,
आणि पोतनीस खाली उतरले,
नऊ वर्षांत पहिल्यांदा, चष्म्यावर हाताचा आडोसा धरून.
आपलंच येणं थकलंय, म्हणाले, चाकणच्या कंपनीकडं.
नव्वद दिवसांची बोली. आज एकशे दहावा.

चाकणच्या कंपनीकडं.
त्यांनीच तर पाठवलं होतं निषादला,
आपले सप्लायर चपळ व्हावेत म्हणून.

मशीन शॉपमधला लेथ तेवढा ऐकू येत राहिला.
निषादनं खिशातून गुलाबी गठ्ठा काढला,
वरची चिठ्ठी सोडवून
आपल्याच साहेबाचं नाव लिहिलं,
लोहचुंबक शोधला, सापडेना,
तेव्हा मगदूमांनी एक दुसरीकडचा काढून दिला.
टक्क.
त्या रकान्याखाली ती अजून तिथंच आहे,
कोपरे काळे पडलेत.

पंधरा मिनिटांची चाळीस झाली होती.
भट्टीवरच्या पोरानं लॅडलवर सळई आपटली:
ओतायचं का न्हाई? लोखंड थांबत नसतंय.
ओत, दस्तगीर म्हणाला,
आजचे कोर भट्टीच्या उबेला ठेवल्यात रातभर.

मी वर गेले. जुने तक्ते काढले.
एकवीस ठिकाणी 'मोल्डर',
माझ्याच अक्षरात, पेनानं.
खोडरबर घेऊन बसले होते वेड्यासारखी.